धक्के खात उतईला

नागपूरहून उतईला जायला रेल्वे आहे. हावड्याकडे जाणारी गाडी धरा, दुर्गला उतरा, पुढे रिक्षा. हे मी भाऊजींना सांगितलं, ताईनं सांगितलं, शेजारच्यांनी न विचारता सांगितलं. पण भाचा सीआयएसएफमध्ये लागलेला, त्याची दीक्षांत परेड उतईच्या प्रशिक्षण केंद्रात, आणि "पोरगा सलामी देऊन राहिला नि बाप रिक्षातून उतरून राहिला, बरं दिसते का?" या प्रश्नापुढे रेल्वेचा निभाव लागला नाही.

भाऊजींची गाडी 1984 सालची, जर्मन, पाच सिलिंडरांची डिझेल, चार गिअरची ऑटोमॅटिक. दिल्लीतल्या कुठल्याशा वकिलातीतून निघून हात बदलत बदलत ती भाऊजींच्या दारी आली. ते तिला मॅडम म्हणतात. मॅडमच्या दोन खोडी. गिअर बदलताना मागून कोणी लाथ घातल्यासारखा धक्का बसतो, ही पहिली. दुसरी, चावी काढून खिशात घातली तरी इंजिन आपलं चालूच. दुसरीवर इलाज बनवणाऱ्यांनीच करून ठेवलाय: बॉनेट उघडायचं आणि इंजिनावरची 'स्टॉप' लिहिलेली लाल कळ दाबून धरायची. हे काम मेहुण्याचं. दारंही एकेक करून लॉक करावी लागत, पण ते आम्ही गाडीच्या वयावर घातलं होतं.

भंडाऱ्याला वैनगंगा ओलांडेपर्यंत ताईच्या मांडीवरच्या डब्यात लाडू होते, साकोलीला त्यांचे अर्धे लाडू झाले, आणि देवरीच्या जंगलातून छत्तीसगडच्या हद्दीत शिरलो तेव्हा आत नुसतं भाजलेलं बेसन होतं. ताई दर गिअरला "अगं आई" म्हणे. घाटात गिअर वरखाली होत तशी आईही वरखाली होई.

साकोलीच्या ढाब्यावर मी कळ दाबायला बॉनेट उघडलं आणि ट्रकवाल्यांची वैद्यसभा भरली. एकानं इंजिनाचं माउंटिंग गेल्याचं सांगितलं, दुसऱ्यानं प्रोपेलर शाफ्टचं रबर. दोन्ही शंका रास्त, पण दोन्ही बदलून झालेल्या. नागपुरात तर एका शहाण्यानं गिअरबॉक्स उतरवायलाच सांगितला होता, दीड लाखाचा आकडाही कागदावर लिहून दिला होता. भाऊजींनी सभेसमोर पुरावा मांडला. इंजिन तापलेलं, परत चालू केलेलं, गाडी सपाटीवर, लिव्हर पार्कवर; गिअरची तेलकांडी उपसली, फडक्याला पुसली, पुन्हा बुडवून काढली. तेल लालभडक, खुणेच्या आत, जळका वास नाही. "आतल्या चकत्या जळून राहिल्या असत्या तर तेल काळं नसतं का झालं?" इथं भाऊजींचं बरोबर होतं. असं वरचेवर होत नाही म्हणून नोंदवून ठेवतो.

राजनांदगावात त्यांना इतिहास सुचला. दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी 1956 पर्यंत नागपूर, म्हणजे "हे सारं आपलंच होतं." मी वाङ्मय पुढे केलं. गजानन माधव मुक्तिबोध 1958 पासून इथल्या दिग्विजय कॉलेजात शिकवत होते. ते हिंदीत थोर कवी, धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. दोन भावांनी दोन भाषा वाटून घेतल्या, असं काहीतरी छान वाक्य मी जुळवत होतो, तेवढ्यात तिसरा गिअर पडला आणि माझी जीभ चावली गेली.

उतईच्या बाजाराअलीकडे एक टपरीवजा गॅरेज दिसलं. एक बोलेरो, एक ट्रॅक्टर आणि साठीपलीकडचा मिस्त्री. नोकरी भिलाईच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून झालेली. 1955 च्या करारानंतर रशियनांच्या मदतीनं उभा राहिलेला हा कारखाना. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राजेंद्रप्रसादांनी 4 फेब्रुवारी 1959 ला केलं. रशियन घराण्यातला हात जर्मन मॅडमला लागणार म्हणून भाऊजी जरा बिचकले.

"का होगे?" मिस्त्रीनं विचारलं. भाऊजींनी हिंदीत गिअरबॉक्सचं चरित्र सुरू केलं. मिस्त्री बघत होता माझ्याकडे. "ये भइया बोनट काबर खोलत हे?"

"इंजन बंद करने," मी.

"चाबी से नइ होय? अउ दरवाजा? एके संग लॉक होथे?"

नाही म्हटल्यावर तो हसला आणि आतून टॉर्च घेऊन आला.

प्रकार असा होता. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर झडप असते. ती मिटलेली असली की इंजिन हवा ओढू बघतं आणि आत निर्वात तयार होतो, फुकटात. जुन्या डिझेलला ती झडपच नसते, ते मोकळा श्वास घेतं. म्हणून निर्वातासाठी वेगळा पंप लागतो. बोलेरोतही तो असतोच, ब्रेकसाठी. या जर्मनांनी मात्र पंप बसवलाच आहे तर सगळा संसार त्याच्यावर घातला: ब्रेक, दारांची कुलपं, इंजिन बंद करणं आणि गिअर किती जोरात टाकायचा तेही. पाय हलका असला की गिअरबॉक्सच्या डबीला निर्वात भरपूर मिळतो, तेलाचा दाब उतरतो, गिअर अलगद पडतो. पाय दाबला की निर्वात घटतो, दाब चढतो, गिअर ठणठणीत पडतो. आणि नळी फुटली की गिअरबॉक्सची समजूत होते, मालकानं पाय तळाला टेकवलाय. मालक बिचारा ताशी तीसनं परेडला निघालेला.

"ब्रेक का नली मोटा है, अलग है," मिस्त्री म्हणाला. "इसीलिए बचे हो."

मग तो बारीक नळ्या एकेक उपसून तोंडानं ओढायचा आणि टोक जिभेवर टेकवायचा. नळी जिभेला लटकून राहिली तर शाबूत. एक लटकेना. इंजिनामागच्या पत्र्याजवळ जिथं तीन नळ्या भेटतात, तिथला रबरी जोड त्यानं काढला. वरून अख्खा, नखानं वाकवला तर पोटात चिरलेला. डब्यातून एक पितळी टी आणि लुनाच्या पेट्रोल पाइपाचे तुकडे निघाले. काम संपलं. पन्नास रुपये.

दीड लाखाच्या आजाराचे पन्नास! भाऊजींना तो मॅडमचा अपमान वाटला. "निदान गिअर का तेल तो बदल दो," त्यांनी गळ घातली. "गिअरबॉक्स बने हे," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ओला झन छूबे." म्हणजे त्याला हात लावू नका. शेवटी भाऊजींनी जबरदस्तीनं पाचशे त्याच्या खिशात कोंबले. घासाघीस करून भाव वर नेणारा नागपूरकर मी तेवढाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्राच्या फाटकाशी गाडी थांबली आणि मी सवयीनं उतरून बॉनेटपाशी जाऊन उभा राहिलो. भाऊजींनी चावी फिरवली. इंजिन बंद. त्यांनी आपल्या दाराचं बटण दाबलं आणि चारही दारं एकदम लागली. फाटकावरच्या जवानानं माझ्याकडं ओळखपत्र मागितलं. ते ताईच्या पिशवीत, आत. मी काच वाजवत होतो आणि भाऊजी दारं कशी एकदम लागतात ते ताईला पुन्हा पुन्हा करून दाखवत होते.