बॉनेटकाका

भांडुप पश्चिमेच्या कुठल्याही सोसायटीत रविवारी सकाळी कुणी गाडीचं बॉनेट उघडलं, की दोन मिनिटांत लेंगा-गंजीफ्रॉकातले एक गृहस्थ तिथे हजर होतात. बोलावलेलं कुणीच नसतं. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात टेस्टर. टेस्टर घरच्या विजेचा, गाडीत त्याचा कवडीचा उपयोग नाही. पण तो हातात असल्याशिवाय गृहस्थ मत देत नाहीत. आमच्या बिल्डिंगीत ह्यांना बॉनेटकाका म्हणतात. नोकरी एका सरकारी कचेरीत, हेडक्लार्क म्हणून रिटायर. गाड्यांशी संबंध फक्त प्रेमाचा.

काकांचा सीझन म्हणजे गणपतीआधीचा पंधरवडा. कोकणनगरपासून टेंभीपाड्यापर्यंत जो तो गावाला निघण्याच्या तयारीत असतो आणि सगळ्यांना एकच धास्ती, घाटात गाडी पिकप घेईल ना? कशेडीला बोगदा झाल्याचा काकांना मनापासून राग आहे. "घाटच चुकवला तर गाडीची लायकी कळायची कुठे?" परशुराम घाट अजून शिल्लक आहे, एवढंच काय ते समाधान.

काकांना काहीच कळत नाही असं मात्र नाही. पेशंट समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "आवाज चढतो आणि गाडी जात नाही, की आवाजच उशिरा चढतो?" हा प्रश्न लाखमोलाचा आहे, आणि कित्येक गॅरेजवाले तो विचारत नाहीत. आवाज चढूनही गाडी जागीच रेंगाळत असेल तर क्लच प्लेट घसरते आहे. खात्री करायला हँडब्रेक ओढायचा, वरचा गिअर टाकायचा आणि हळूहळू क्लच सोडायचा. इंजिन फटकन बंद पडलं तर क्लच ठणठणीत. मग उरतात हवा, पेट्रोल आणि थ्रॉटल. आधी एअर फिल्टर काढून झटकायचा, कारण एलबीएस रोडवर मेट्रोच्या खांबांखालची धूळ खाऊन तो पांढऱ्याचा काळा झालेला असतो.

इथपर्यंत काका बरोबर. ह्यापुढे त्यांचं घड्याळ बंद पडलं आहे.

त्यांचं सगळं ज्ञान फियाटवर झालेलं. म्हणजे प्रीमियर पद्मिनी. ती कुर्ल्याला, ह्याच एलबीएस रोडवर बनायची, म्हणून काकांच्या लेखी ती जवळजवळ भांडुपचीच. तिच्या कार्बोरेटरमध्ये एक छोटा पंप असे. ॲक्सिलरेटर दाबला की तो पेट्रोलची जादा पिचकारी मारी. त्याचा पडदा फाटला की गाडी आधी गचका खाई, विचार करी आणि मग निघे. काका जेट काढून तोंडाने फुंकत आणि पेट्रोलची चव सांगत. पुढे मारुती आठशेची ॲक्सिलरेटर केबल आली. सैल पडली की काका ताणून देत. ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांच्या नियमाने शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून हटली, त्या दिवशी काकांनी दाढी केली नाही.

आताच्या गाड्यांत पेडलला केबलच नसते, ह्याचा त्यांना संताप. पाय किती दाबला हे पेडलवरचे सेन्सर कम्प्युटरला कळवतात. तो आपल्या हिशेबाने ठरवतो आणि मोटर फिरवून थ्रॉटलची पाटी उघडतो. "म्हणजे पायाने नुसता अर्ज करायचा! मधे हा कारकून कशाला?" असं विचारणार कोण, तर ज्यांच्या टेबलावर वारसनोंदीच्या अर्जांनी पावसाळे काढले, ते काका.

मागच्या गणपतीआधी तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाची गाडी उठेनाशी झाली. दाबलं की क्षणभर ढिम्म, मग एकदम उडी. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागलेला. "त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस," काका म्हणाले, "सर्व्हिसिंगला या म्हणून कंपनीच लावते तो." मग त्यांनी पेट्रोलवर संशय घेतला, प्लग काढून त्याचा रंग पाहिला (तांबूस, म्हणजे उत्तम) आणि शेवटी थ्रॉटलचं तोंड उघडून काळ्याकुट्ट पाटीवर स्क्रूड्रायव्हर रोखला.

"काका, हात नको!" जंगल-मंगल रोडवरून बोलावलेला गॅरेजचा पोरगा ओरडला. "पाटी ढकलू नका, आत गिअर आहेत प्लास्टिकचे."

त्याने स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडला. पाटी किती उघडली हे सांगायला दोन सेन्सर असतात, म्हणाला. दोघांचे आकडे एकमेकांशी जुळले तरच कम्प्युटर विश्वास ठेवतो. जुळले नाहीत तर तो ताकद रोखून धरतो. वायरिंग चाचपत गेल्यावर कारणही सापडलं: गणपतीला निघालेल्या गाडीची वायर उंदराने कुरतडली होती. तेवढा तुकडा जोडून त्यावर स्लीव्ह चढवली, पाटीवरचा कार्बन स्प्रे मारून फडक्याने पुसला, आणि बंद पाटी नेमकी कुठे टेकते हे स्कॅनरवरून कम्प्युटरला नव्याने शिकवलं. हे न करताच गाडी चालवली की आयडलिंग खालीवर होतं आणि लोक मेकॅनिकच्या नावाने बोटं मोडतात. बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवायला सांगून पोरगा गेला.

काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेला आदर होता.

"दोन प्रती मागतो?"

"हो."

"आणि ताळा बसला नाही तर पुढे सोडत नाही?"

"नाही."

"आणि आपल्या हातून चूक नको म्हणून दिवा लावून शेराही मारून ठेवतो?" काकांनी टेस्टर खिशात टाकला. "माझा माणूस आहे रे हा. मी उगाच शिव्या घालत होतो."

गाडी चिपळूणला सुखरूप पोचली. पुढच्या रविवारी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी खाली आल्या. सिग्नलला हिरवा लागला तरी गाडी निघायला वेळ लावते, मागचे हॉर्न मारतात, जरा बघता का काका? काकांनी बॉनेटला हातही लावला नाही.

"कागद बघावे लागतील," ते म्हणाले. "सोमवारी या."