वर कोण जाणार?

न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की मराठी माणसाला तीन चिंता असतात: फराळाची ऑर्डर, फ्लूची लस आणि मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन कोण करणार. मला चौथीही असते. एका दुमजली व्यापारी इमारतीत माझा हिस्सा आहे आणि हिश्श्यात छप्परही मोडतं.

खाली फरसाण-मिठाईचं दुकान आणि एक टॅक्सवाले, वर दाताचे डॉक्टर आणि भरतनाट्यमचा क्लास. या चौघांचं एकाच गोष्टीवर एकमत आहे: छप्पर गळतं ते दुसऱ्या कुणामुळे तरी. डॉक्टरांचा संशय नृत्यावर. पोरी पाय आपटतात ते जमिनीवर आणि छप्पर असतं डोक्यावर, हे त्यांना दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं. पण त्यांचंही बरोबर आहे. खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटच्या थेट तोंडात वरून थेंब पडला, तेव्हापासून ते शास्त्रीय चर्चेच्या मनःस्थितीत नाहीत. भोक असतं एका कोपऱ्यात. पाणी आतल्या पत्र्याच्या खाचांमधून सरकत जातं आणि भलतीकडेच ठिबकतं. त्यामुळे ज्याच्या डोक्यावर थेंब, त्याच्या डोक्यावर भोक असेलच असं नाही. हे वाक्य भाडेकरूला सांगून पाहा. तो भाडं दुसऱ्याच्या खात्यावरून सरकत येईल असं सांगतो.

यंदा चिपळूणहून सासरे आले होते. आप्पांचा उभा जन्म दर मे महिन्यात कौलं परतण्यात गेलेला. छपराची पाहणी आहे म्हटल्यावर, मी नको नको म्हणेपर्यंत ते शिडी चढून झाकणातून वर. चारी दिशांना नजर टाकून म्हणाले, "जावईबापू, इथे बर्फ पडतो ना? मग उतार कुठाय? इंजिनिअर जैसलमेरचा होता का?"

मी समजावलं की मोठ्या इमारतीवर सपाट छप्पर स्वस्त पडतं, शिवाय एसी-हीटिंगची धुडं वरच बसवायची असतात. आणि ते अगदीच सपाट नसतं, फुटाला पाव इंच उतार ठेवायची पद्धत आहे. आप्पा वाकले, एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "कागदावर असेल."

आमचं छप्पर म्हणजे दीड मिलिमीटर जाडीचं काळं रबर. ऊन, पाऊस, बर्फ आणि भाडेकरूंचा संताप, सगळ्यांच्या मध्ये एवढंच. एसी दुरुस्त करायला आलेला माणूस जाताना दोन-चार स्क्रू टाकून जातो, पुढचा माणूस त्यावर पाय देतो, झालं भोक. त्यात पाणी शिरून गोठलं की ते सुमारे नऊ टक्क्यांनी फुगतं आणि भेग रुंदावतं. दिवसा वितळायचं, रात्री गोठायचं, असं मार्चपर्यंत चालतं. ठिगळ लावायचं तर थंडीपूर्वीच लावायला हवं, कारण पारा चार-पाच अंशांच्या खाली गेला की बहुतेक डिंक धरत नाहीत. म्हणजे काम ऑक्टोबरातच. आणि ऑक्टोबर म्हणजे दिवाळी.

इथे खरी गोम आहे. फरसाणवाल्यांच्या भट्टीचा धुराचा पंखा छपरावर उघडतो. दिवाळीचे तीन आठवडे खाली चकल्या, शेव, चिरोटे अखंड तळले जातात आणि तेलाची वाफ वर येऊन पंख्याभोवती थिजते. रबराला पाणी चालतं, बर्फ चालतो. तेल चालत नाही. तेल पिऊन ते फुगतं, मऊ पडतं, सुरकुततं. आप्पांनी पंख्याजवळ वाकून बोट लावलं, हुंगलं आणि निदान केलं: "ओवा." तो भाग कापून नवा तुकडा लावावा लागला, पंख्याखाली तेल धरायला पेटी बसवली. फरसाणवाल्यांनी बिलाचा निम्मा भाग रोखीनं दिला आणि उरलेला काजूकतलीत.

मग आप्पांना डबकं दिसलं. पावसाला तीन दिवस झाले होते तरी पाणी तसंच. छपरावाल्यांच्या मते पाऊस थांबून 48 तास झाले की पाणी हललेलं असावं. आमचं नाही हललं. आप्पांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बूट काढले आणि डबक्यात शिरून निचऱ्याच्या तोंडावरची जाळी चाचपली. घुमटासारखी जाळी, पण वर मेपलच्या पानांचा थराच्या थर बसलेला. थर उचलला तर खाली एक प्लॅस्टिकची पिशवी, सीगलनं टाकलेलं कोंबडीचं हाड, दोन स्क्रू आणि टॅक्सवाल्यांच्या नावाचं एक पेन. पेन वर कसं आलं, हा प्रश्न अजून प्रलंबित आहे. जाळी मोकळी झाली, पाण्यानं एक गोल फिरकी घेतली आणि गुडगुड करत निघून गेलं. आप्पा म्हणाले, "एवढ्यासाठी तुम्ही कन्सल्टंट ठेवता?"

संध्याकाळी चौघांची मीटिंग. मी आकडे मांडले. एक चौरस फुटावर एक इंच पाणी म्हणजे 5.2 पौंड. आमचं छप्पर पाच हजार चौरस फुटांचं, म्हणजे पावणेबारा टन. साधारण दहा इंच ताजा बर्फ वितळला की एक इंच पाणी, म्हणजे वजन तेवढंच. ओला बर्फ असेल तर त्याच उंचीत जवळजवळ दुप्पट. टॅक्सवाले म्हणाले, "छप्पर काय असं पडतं का?" मी हार्टफर्डचं सांगितलं. 18 जानेवारी 1978 च्या पहाटे तिथल्या सिव्हिक सेंटरचं अवाढव्य छप्पर बर्फाखाली कोसळलं. काही तासांपूर्वी तिथे हजारो लोक बास्केटबॉलचा सामना पाहत बसले होते. नशिबानं कुणाला इजा झाली नाही. चौकशीत दोष रचनेचा निघाला. बांधतानाच छप्पर हिशेबापेक्षा जास्त वाकलेलं दिसत होतं. ते चालायचंच म्हणून काम पुढे रेटलं होतं. टॅक्सवाल्यांनी हळूच वर पाहिलं आणि खर्चाला मंजुरी दिली. नृत्याच्या बाईंनी तर दोन वर्षांची आगाऊ.

डॉक्टरांनी उत्साहानं सुचवलं की बर्फ पडला की मी स्वतः फावडं घेऊन जातो. त्यांना थांबवावं लागलं. लोखंडी फावड्यानं रबर फाटतं. प्लॅस्टिकचं हवं, आणि तळाशी दोन-तीन इंच बर्फ राहू द्यायचा. एकच बाजू साफ करायची नाही, नाहीतर भार एकीकडे झुकतो. काढलेला बर्फ एका जागी ढीग करून ठेवायचा नाही. कठड्याच्या आणि एसीच्या आडोशाला वारा आपोआपच ढीग करतो, तिथे आपण भर घालायची नाही. आणि वर जाणाऱ्याला दोर बांधायचा, कारण बर्फाखाली छप्पर कुठे संपतं ते दिसत नाही. एवढं ऐकल्यावर डॉक्टर म्हणाले, बर्फ काढणाऱ्या माणसाचा नंबर द्या.

तुमच्या नावावर कुठलंही सपाट छप्पर असेल, तर नोव्हेंबरच्या आत एकदा वर जा. पहिला निचरा बघा, मग पंख्याखालचं तेल, मग कठड्याच्या कडेच्या पट्ट्या. प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा, तारखेसकट. विमावाले तोच आधी मागतात. आणि शिडी धरायला कुणीतरी खाली ठेवा, भाडेकरू असला तरी चालेल.