अक्कांची चार्जिंगची गाडी

"तुझ्या मालकांच्या गाडीला महिन्याला पेट्रोल कितीचं लागतं गं?" कुंपणाच्या जाळीवर पायपुसणं वाळत टाकत अक्कांनी विचारलं. अक्कांना उत्तर नको असतं, सुरुवात हवी असते.

"हजाराच्या आसपास."

"बघ! आमच्या पोराची चार्जिंगची. एमआयडीसीत जाऊन-येऊन १५ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस. ३० किलोमीटरला एक युनिट धरलं तरी १३ युनिट. १२ रुपयांनी लाव, दीडशेच्या वर फार जात नाही. फक्त मीटर १०० युनिटांच्या पुढं जाऊ द्यायचं नाही, तिथून दर चढतो. म्हणून गिझर बंद केलाय मी."

हिशेब चोख होता. ऐन थंडीत सूनबाई गिझरवरून धुसफुसते, तेवढं हिशेबात नव्हतं.

"आणि परवा निमगाव केतकीला हीच गाडी नेलेली ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या ओट्यावर तिथली विड्याची पानं दिसली की."

अक्का जाळीपाशी सरकल्या. आवाज उतरला. "सुनेचं माहेर ते. चाळीसेक किलोमीटर. गाडी विकणारा शंभर सांगतो गं, पण मागं बायको, पुढं पोरगं, आणि वारं समोरून! जाईपर्यंतच निम्मी संपली."

"मग तिथं लावायची चार्जिंगला."

"मळ्यातली वस्ती ती, शेतीच्या लायनीवर. त्या आठवड्यात लाइट रात्रीची. निघाले तसेच. अंथुर्णे सोडलं तर तीस टक्के, लासुर्ण्याला वीस. हळू चालवली की जास्त जाते म्हणून हा तिशीनं चालवतोय. उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं काढून गेला, वर ड्रायव्हरनं हात केला म्हणे! शेवटी सणसरला ओळखीच्या दुकानात वायर लावली आणि दीड तास चहा पीत बसले."

मी हसू दाबलं. तुकोबांची पालखीसुद्धा सणसरला मुक्काम करते, हे ओठांवर आलेलं गिळलं.

"आमच्या मामंजींची चेतक बरी होती," अक्का म्हणाल्या. "तिरकी केली, किक मारली की निघाली."

"ती चेतकपण २०२० पासून बॅटरीवर आलीय, अक्का. आपल्या एमआयडीसीतल्या पियाजिओनंसुद्धा बॅटरीच्या रिक्षा काढल्यात."

"येऊ दे की! रोजच्याला ही गाडी सोन्यासारखी आहे, मी नाही म्हणत नाही. सकाळी चार्जिंग काढायचं, टोपी घातल्यासारखं हेल्मेट घालायचं आणि निघायचं. पंपावर रांग नाही, ऑइल नाही. पण पोरगा जुनी पेट्रोलची विकायला निघाला होता, तिची किल्ली मी डब्यात ठेवलीय. पाव्हण्यारावळ्यांकडं तीच जाणार."

कुठल्या डब्यात, ते मला ठाऊक आहे. पण सांगणार नाही. तुम्ही चार्जिंगची गाडी घेणार असाल, तर रोजचं अंतर मोजाच, आणि सासुरवाडीची लाइट कुठल्या पाळीला असते तेही आधी विचारून घ्या.