दोन सुतांचे काका

निवृत्तीला वर्ष उलटलं, पेन्शनचे कागद एकदाचे मार्गी लागले, की तालुक्याच्या गावात स्वतःची बंगली असलेल्या काही काकांना मागची पडवी डोळ्यांत सलू लागते. ती बंद करून तिथं नऊ बाय दहाची खोली काढायची, तीही स्वतःच्या हातानं, असं त्यांनी ठरवलेलं असतं. नगरपालिकेच्या परवानगीचा विषय निघाला की ते ‘बघू’ म्हणतात. गवंडी परवडत नाही अशातला भाग नाही; गवंड्याला नजर नसते, एवढंच त्यांचं म्हणणं. या काकांची थट्टा सगळा शेजार करतो, पण चुकीच्या मुद्द्यावर करतो. लोकांना वाटतं, काकांना बांधता येत नाही. चांगलं येतं. विटा ते नीट भिजवतात, माल घमेली मोजून कालवतात आणि बांधलेल्या भिंतीवर सात दिवस न चुकता पाणी मारतात, जे पैसे घेऊन काम करणाऱ्यांकडूनही क्वचित होतं. काकांची खोली चुकीमुळे बिघडत नाही, ती दुरुस्तीमुळे बिघडते.

मुळात चूक केवढी असते? वीटकामाचं भारतीय मानक, आयएस 2212, भिंतीला एका मजल्यात तीन मीटर उंचीमागे 6 मिलिमीटर ओळंब्याबाहेर जायची मुभा देतं. सहा मिलिमीटर म्हणजे गवंड्याच्या हिशेबात दोन सूत. सरकार एरवी एवढं उदार नसतं, पण वीट म्हणजे काय चीज आहे हे मानक लिहिणाऱ्यांना ठाऊक असावं. शिवाय वर बारा मिलिमीटरचा गिलावा येणार असतो. त्याच्या पोटात दोन सूत कुठल्या कुठे जातात. पण काकांनी संध्याकाळी ओळंबा सोडला, दोन सूत सापडले, की त्यांना रात्री झोप लागत नाही. सकाळी पुढचाच थर ते दोन सूत आत घेतात, त्यावरचा आणखी एक सूत ‘सेफ्टीसाठी’. सहाव्या थराला भिंत उलट्या बाजूला झुकते. मग तीही दुरुस्ती होते, आणि भिंतीला मधोमध पोट सुटतं. पोट झाकायला गिलावा दीड इंच जाड करावा लागतो. तो एका हातात मारला की ओला असतानाच खाली सरकतो, आणि सरकला नाही तर वाळताना पदर सोडतो. या परंपरेत काका एकटे नाहीत. पिसाच्या मनोऱ्याचं काम 1173 साली सुरू झालं, तिसऱ्या मजल्याच्या सुमारास तो कलू लागला, आणि जवळजवळ शतकभरानं पुन्हा काम हाती घेणाऱ्यांनी वरचे मजले कललेल्या बाजूला थोडे उंच बांधून हिशेब जुळवला. कल काही थांबला नाही, मनोरा मात्र बाकदार झाला. आपल्या काळातल्या इंजिनिअरांनी 1990 ला मनोरा बंद केला, भिंत सरळ करायच्या फंदात न पडता उत्तरेकडच्या पायाखालची माती थोडी थोडी काढली, चाळीसेक सेंटीमीटर कल कमी केला आणि तिथं थांबले. हे थांबणं काकांच्या अभ्यासक्रमात नाही.

खरी अडचण पुढेच आहे. वाढवलेल्या खोलीच्या दोन भिंती आधीच उभ्या असतात: एक घराची मागची, दुसरी स्वयंपाकघराची बाहेरची. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी बांधलेल्या या दोघी आपसात गुण्यात असतीलच असं नाही, बहुधा नसतात. काका मात्र तीन-चार-पाचच्या दोरीनं काटकोन काढतात. रीत उत्तम, शुल्बसूत्रांइतकी जुनी. पण त्या त्रिकोणाची एक बाजू जुन्या भिंतीवरच टेकवायची असते. सोमवारी ते मागच्या भिंतीवरून आखतात, गुरुवारी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून, आणि दोन्ही आखण्या जुळत नाहीत म्हणून टेपला नावं ठेवतात. पातळी बघायच्या पाण्याच्या नळीचं दुसरं टोक धरून काकू उभ्या असतात. काका पलीकडून ओरडतात, “बरोबर आहे का?” काकू विचारतात, “कशाच्या बरोबर?” या प्रश्नात अख्खं बांधकामशास्त्र आहे. काका त्यावर “नळी हलवू नकोस” एवढंच म्हणतात.

यावर कुणी म्हणेल, मग वाकडं ते वाकडंच ठेवायचं का? डोळ्याला खुपतं ना! खुपतं हे खरं, पण डोळ्याला सूत मोजता येत नाही. त्याला दोन शेजारच्या रेघांमधला फरक तेवढा दिसतो. खोली आतून सव्वानऊ फूट, फरशी फूट बाय फुटाची. दारापासून नऊ पूर्ण फरश्या लावल्या की भिंतीकडेला तीन इंचांची पट्टी उरते. ती पलीकडे जाईपर्यंत दोन इंचांची झाली, तर पाहुणा चहा पिण्याआधी ती बघतो. तीच ओळ अर्ध्या फरशीनं सुरू करा, म्हणजे शेवटचा तुकडा नऊ इंचांवरून आठ इंचांवर येतो आणि कुणाला पत्ता लागत नाही, त्यातून वर खाट असेल तर नाहीच नाही. वाकडेपण तेवढंच, फक्त योग्य जागी नेऊन बसवलं. गवंड्याकडूनही सूत-दोन सूत चुकतातच. दाराआड काय जातं आणि कपाटाखाली काय खपतं हे त्याला ठाऊक असतं, आणि मजुरी या माहितीची असते. काका अर्धी फरशी दाराशी लावायला तयार होत नाहीत. त्यांना ती लबाडी वाटते. प्रामाणिक माणसाच्या खोलीत पाचर दिसते ती अशी. दाराचंही तेच. चौकट ओळंब्यात नसली की दार आपोआप उघडतं. सुतार बिजागरीची खीळ काढून हातोडीचा एक हलका टोला देतो, किंचित वाकलेली खीळ घट्ट बसते, दार जिथल्या तिथं उभं राहतं. काका चौकट उखडायला निघतात, आणि काकूंनी आडकाठी केली तर बिजागरीमागे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याच्या घड्या कोंबतात. हळदीचं बोट लागलेला कोपरा बाहेर डोकावत राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घराच्या कामात ढिलाई जिवावर बेतायची. बेततेच. पाया खचत असेल, भिंतीचा कल वाढत असेल, चार इंची भिंतीवर स्लॅब टाकायचा बेत असेल, तर सुताची भाषा सोडून इंजिनिअरला बोलवावं. गंमत अशी की नेमक्या याच बाबतीत काका निवांत असतात. जुनी भिंत बसायची तेवढी कधीच बसलेली असते, नवी अजून बसायची असते. म्हणून दोघींचा सांधा एकतर दाते काढून गुंफायचा, नाहीतर मोकळा ठेवून वर पट्टी मारायची. काका नवी भिंत जुनीला नुसती टेकवतात आणि दोघींवरून सलग गिलावा ओढतात. पहिल्या पावसाळ्यानंतर कोपऱ्यात जोत्यापासून छतापर्यंत उभी चीर पडते, ती दर दिवाळीला पांढऱ्या सिमेंटनं भरली जाते आणि होळीपर्यंत पुन्हा उमटते. पण ही चीर अगदी ओळंब्यात असते, त्यामुळे काकांची तिच्याबद्दल काही तक्रार नसते.