वाचनाची हजेरी

विद्यापीठात वाचनसंस्कृती रुजवायची म्हणजे १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा करायचा, हातात पुस्तक धरून फोटो काढायचा आणि अहवाल वर पाठवायचा. पुस्तक उघडण्याची सक्ती कोणी करत नाही. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांना हे शास्त्र अवगत नव्हते. १७९९ मध्ये कंपनी सरकारने कारभार काढून घेतला, तेव्हा त्यांनी सरस्वती महालात ग्रंथ जमवले, कित्येकांवर इंग्रजीत स्वाक्षरी ठोकली, आणि वैद्यकात रस म्हणून डोळ्यांच्या रोग्यांची टिपणे चित्रांसकट करवून घेतली. वाचनाला असे काम जोडलेले असले की वेगळे अभियान लागत नाही.

कोणी म्हणेल, राज्य गेलेल्या राजाला वेळच वेळ. पोरांना परीक्षा असतात. खरे आहे. पण त्या परीक्षा गाइडवर सुटतात, ग्रंथालयाची पायरी न चढता पहिला वर्ग मिळतो. मग शहाण्या मुलाने वाचावे कशाला? खापर मोबाइलवर फोडणेही सोयीचे, फक्त तंजावरचे मोडी कागद वाचणारे मोबाइलच्या आधीच विरळ झाले होते. प्रश्नपत्रिकेत गाइडबाहेरचा एक प्रश्न घातला तरी ग्रंथालयात रांग लागेल. पण मग गाइडे लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी खायचे काय?