उद्गारचिन्हास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री उद्गारचिन्हजी, मुक्काम तांबडी चौकट, हल्ली वस्ती भंगारवाल्याचे पोते, यांसी

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

मेजर कँडी यांच्या खटपटीने आपण एकोणिसाव्या शतकात विरामचिन्हांच्या पलटणीबरोबर मराठी मुलखात रुजू झालात, तेव्हापासून विस्मय, हर्ष आणि शोक ही तिन्ही खाती आपण निमूटपणे सांभाळलीत. या सेवेची कदर अखेर संयुक्त राष्ट्रसंघाने केली. १९९२ साली रिओच्या वसुंधरा परिषदेत रसायनांचे वर्गीकरण व त्यांवरील इशारे जगभर एकाच पद्धतीने व्हावेत असे ठरले, २००३ साली त्या पद्धतीचा जांभळ्या मुखपृष्ठाचा ग्रंथ निघाला, आणि त्वचेची आग, डोळ्यांची चुरचुर, घशाची खवखव, गुंगी, त्वचेची अ‍ॅलर्जी व चौथ्या प्रतीची विषबाधा इतका कारभार एकट्या आपल्या शिरावर आला. युरोपात नारिंगी चौकोनातली काळी फुली यांतले बरेचसे काम इमानाने करीत असे; मिश्रणांना नवी पद्धत लागू करण्यासाठी दिलेली मुदत १ जून २०१५ रोजी भरली आणि त्या फुलीची जागा आपण घेतलीत.

तथापि हुद्दा वाढला तरी मान वाढला असे नव्हे. तीव्र विषासाठी जेथे कवटी विराजमान असेल तेथे त्याच कारणासाठी आपण येऊ नये, आणि जेथे क्षरणाचे चिन्ह असेल तेथे त्वचेच्या व डोळ्यांच्या दाहाविषयी आपण ब्र काढू नये, असा नियमच आहे. थोरले सदरेवर बसले असता धाकट्यांनी बोलू नये, हा आमच्या वाड्यांतला शिरस्ता संयुक्त राष्ट्रसंघाच्या जिनिव्हा दप्तरी कोणी पोहोचविला कोण जाणे.

आमच्याकडे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी लाल, पिवळा, निळा व हिरवा अशी रंगांची उतरंड रचली आहे. तीत ‘डेंजर’ हा शब्द निळ्या, म्हणजे तिसऱ्या पायरीवर बसतो. आपल्या दरबारी ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’ असे दोनच संकेतशब्द, आणि त्यांत ‘डेंजर’ वडील. एकच शब्द एका दप्तरी मामलेदार व दुसऱ्या दप्तरी कारकून असेल, तर शेतकऱ्याने त्याला मुजरा किती लवून करावा?

आता माझी फिर्याद. जर्मनीहून आलेल्या भाच्याने फरशीचे डाग काढण्याच्या द्रवाची बाटली आणली. माल जेथे विकावयाचा तेथील भाषेत मजकूर असावा, या कायद्यास अनुसरून तो समग्र जर्मन होता. मला ओळखू आलात ते एकटे आपण. परंतु आपण हात वर करून नुसते उभे राहिलात, कशासाठी ते बोलला नाहीत; आणि जन्मभर ‘वाहवा’च्या शेपटाशी आपणांस पाहत आलेल्या मी ती मालाची तारीफ मानली. पुढे बूच मोडले, तेव्हा उरलेला द्रव मी कोकम सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतला आणि आपणांसह मूळ बाटली भंगारात दिली. रविवारी पाहुण्यांसाठी मी पेले मांडले असता सूनबाईंनी वासावरून ओळखून माझा हात धरला.

त्याच सायंकाळी मी त्या बाटलीवरचे कोकमाचे चित्र खरवडून काढले आणि ठळक मराठीत चिठ्ठी डकविली : ‘फरशीचे औषध. पिऊ नये. डोळ्यांत जाऊ देऊ नये.’

शेवटी आपणांस बसविलेले नाही. राग नसावा.

आपला,
एक गिऱ्हाईक