बारा बोअर ते सहाशे एमएम

कॉलऱ्याने पुण्याचे जे नुकसान केले, त्यातली एक बाब कोणी मोजलेली नाही. काँग्रेसचे पहिले अधिवेशन १८८५ च्या डिसेंबरात पुण्यात भरायचे होते. ऐन वेळी साथ आली आणि सगळा बेत मुंबईला, गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवावा लागला. इतिहासाची पुस्तके एवढे सांगून पुढे जातात. पण या अधिवेशनाचे कर्तेधर्ते अॅलन ह्यूम हे बदकांचे त्या काळातले सर्वांत मोठे जाणकार होते, हे पुण्यातले बदकवाले एकमेकांना अजून हळहळत सांगतात. ह्यूमसाहेबांनी मार्शल यांच्याबरोबर शिकारीच्या पक्ष्यांवर तीन खंड लिहिले. मग सिमल्याच्या घरातली त्यांची पंचवीस वर्षांची पक्षिटिपणे एका नोकराने रद्दीत विकली. साहेबांचे मन असे विटले, की कातडी, घरटी, अंडी मिळून सुमारे ८२ हजार नमुने त्यांनी १८८५ सालीच ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. रद्दीचे वजन करताना काटा कुठे होता हे कोणी पाहिले नाही. अधिवेशन पुण्यात झाले असते तर निदान तेवढी चौकशी झाली असती.

ह्यूम यांच्या काळात बदकांचा अभ्यास आणि बदकांची शिकार हे एकच काम होते. पाखरू आधी पाडायचे, मग ओळखायचे. साहेबाकडे बारा बोअरची बंदूक आणि छर्रे असत. ज्याच्याकडे ते नव्हते, त्या इथल्या माणसाकडे डोके होते. तो तळ्यात आधी चार-दोन रिकामी मडकी सोडून द्यायचा. बदकांना त्यांची सवय झाली, की एका मडक्याला डोळ्यांपुरती भोके पाडून ते डोक्यावर घालायचे, गळ्यापर्यंत पाण्यात उतरायचे आणि वाऱ्याने वाहत आल्यासारखे थव्यात शिरायचे. मग पाण्याखालून एकेक पाय धरून बदक गडप. थवा निवांत, आवाज नाही, काडतुसाचा खर्च नाही. शिकारीचा याहून पुणेरी प्रकार पुण्याबाहेर कोणाला सुचला असेल, तर त्याचे श्रेय उदार मनाने द्यायला हवे.

बंदूक गेली, पण ती एका दिवसात नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी लहानसहान शिकारीसाठी परवान्याची फट त्यात होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बुजली. तोवर शहाणी माणसे आपणहूनच बदलली होती. पुणे आकाशवाणीत नोकरी केलेले व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी बंदूक घेऊन रानात हिंडले आणि पुढे चित्रांची वही घेऊन नागझिऱ्यात जाऊन राहिले. बाकीच्यांनी खांद्यावरची बंदूक उतरवून तिथे कॅमेरा अडकवला. याखेरीज काहीही बदलले नाही. तेच पहाटे उठणे, तेच मातकट कपडे, तीच कुजबुज, आणि निसटलेल्या पाखराचे चहाच्या टपरीपर्यंत वाढत जाणारे तेच वर्णन. वजनसुद्धा तेच: चांगली बारा बोअर आणि ६०० एमएमची मोठी लेन्स, दोन्ही तीन किलोंच्या आसपास. किमतीत मात्र फरक आहे. नव्या लेन्सची किंमत दहा लाखांच्या घरात जाते, आणि पावतीवरची किंमत व घरी सांगितलेली किंमत या दोन स्वतंत्र जाती आहेत.

पुण्यातल्या अशा टोळीत साधारण चार माणसे असतात. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, ज्यांना सगळे माहीत असते. शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई, ज्यांना खरोखर माहीत असते. संगणक कंपनीतला एक मुलगा, जो बदकाकडे न बघता कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतो. चौथ्याला पक्ष्यांतले काही कळत नाही, पण गाडी त्याची असते.

हिवाळ्यात त्यांचे पहिले ठाणे कवडी पाट. हडपसर ओलांडून सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या अलीकडे डावीकडे वळले, की मुळा-मुठेवरचे हे ठिकाण आधी नाकाला कळते, मग डोळ्यांना. शहराने आठवडाभर जे जे सोडून दिले ते सगळे इथे येते: फेस, जलपर्णी, पिशव्या, एखादी चप्पल. आणि याच पाण्यात लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेली चक्रवाकांची जोडपी केशरी शालू नेसल्यासारखी मिरवत असतात. रात्र झाली की चक्रवाकाची जोडी ताटातूट होऊन दोन तीरांवरून एकमेकांना हाका मारते, असा जुन्या कवींचा दावा. काकांना तो मान्य आहे. संगणकवाल्या मुलाचे म्हणणे, त्यात काय विशेष, त्याच्या बायकोलाही रात्रपाळी आहे.

थापट्या नावाचे बदक तर या पाण्याचा खरा मानकरी. त्याची चोच थापीसारखी रुंद, कडांना कंगव्यासारखी दाट जाळी. ती पाण्यात टेकवून तो गोलगोल फिरतो, आणि सांडपाण्यावर पोसलेले किडे-शेवाळ गाळून खातो. महापालिकेला जे जमत नाही ते तो निदान चोचीपुरते करतो. म्हणून घाण पाणी पक्ष्यांना बरे असते, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दोन-चार चिवट जाती तगतात, नाजूक खाण्याच्या जाती पाठ फिरवतात. पन्नाशीपुढचा कोणताही पुणेकर पक्षिनिरीक्षक न विचारताही हे सांगतो. विचारले तर जास्त वेळ सांगतो.

टोळीतली भांडणे ऑक्टोबरच्या शेवटी पेटतात. परदेशातून नुकती आलेली नर बदके विणीनंतर भडक पिसे टाकून मादीसारखी मळकट तपकिरी झालेली असतात. माद्या तर मुळातच तपकिरी. समोर चाळीस तपकिरी बदके आणि काठावर चार पुणेकर.

“भुवई बदकाची मादी,” काका.

“काका, चक्रांगाची आहे. पंखावरचा हिरवा पट्टा बघा.”

“मला या नदीवर तीस वर्षं झाली.”

“नदीला झाली असतील. बदक या वर्षीचं आहे.”

मुलाने टिपलेल्या फोटोत एक तपकिरी ठिपका असतो. याला ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. म्हणजे ज्यात काही दिसत नाही, पण घेणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा असतो. बारा बोअरच्या काळात हा प्रश्न नव्हता. वाद झाला तर बदक हातात घेऊन पाहता येई, आणि नंतर पुरावा शिजवूनही खाता येई.

भिगवण ही मोठी मोहीम. पुण्याहून शंभर-एक किलोमीटर, म्हणजे उरुळी, यवत, चौफुला, पाटस अशी नाश्त्याची ठाणी सांभाळत जायचे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातली जमीन पाण्याखाली गेली. शेताच्या जागी पाणी आले, पाण्यामागून मासे आणि बदके. कुंभारगाव, डिकसळ इथले मच्छीमार आज होडीतून पाहुण्यांना रोहित, पट्टकदंब, तलवार बदके दाखवतात. जाळे टाकणाऱ्याची नजर काय असते ते इथे कळते. दहा लाखांच्या लेन्सला जो काळा ठिपका दिसतो, त्याचे नाव, जात आणि काल तो कुठे बसला होता हे नावाडी विडी न विझवता सांगतो. उत्साहाने उभ्या राहिलेल्या काकांना तो अदबीने विचारतो, “साहेब, खाली बसा. पान्यात गेला तर आदी तुमाला काडू का क्यामेऱ्याला?” काका बसतात. मुलगा मात्र उत्तराचा विचार करत असतो.

टोळीची खरी मैत्री अशाच वेळी जमते. तीन तास एका होडीत, पाय आखडलेले, धुके निघत नाही, समोर काही नाही. बाईंच्या डब्यातल्या गुळपोळ्या निघतात. गाडीवाला, ज्याला पक्ष्यांतले काही कळत नाही, सहज मागे वळून म्हणतो, “ते डोक्यावर दोन काळे पट्टे असलेलं काय आहे?” आणि हिमालय ओलांडून आलेला पट्टकदंब त्याला हाताच्या अंतरावर दिसलेला असतो. पुढच्या आठ रविवारी तोच विषय.

सलीम अलींचीही सुरुवात एअरगनने पाडलेल्या पिवळ्या गळ्याच्या चिमणीपासून झाली. तिचे नाव विचारायला हा मुलगा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि जन्मभर तिथलाच झाला. भरतपूरच्या तळ्यावर १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो आणि त्यांच्याबरोबरच्या शिकाऱ्यांनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. तो आकडा तिथे दगडावर कोरलेला आहे. त्याच दिवशी सलीम अलींना बेचाळीस वर्षे पुरी झाली होती. आता मारुती चितमपल्ली यांच्या ५ नोव्हेंबर या जन्मदिवसापासून सलीम अलींच्या १२ नोव्हेंबरपर्यंत महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पुण्याच्या टोळ्यांनी त्या आठवड्यात किती बदके ‘मारली’, ते त्यांच्या मेमरी कार्डात मोजावे.

एवढी हौस असेल तर या हिवाळ्यात जरूर जा. कवडीला सूर्य उगवायच्या आत पोहोचा, भिगवणला आदल्या रात्रीच. फक्त उडत्या थव्याचा फोटो हवा म्हणून नावाड्याला होडी रोहितांच्या अंगावर घालायला सांगू नका, आणि कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण टाकू नका. तो खाऊ तुमच्यासाठी आहे. परतताना भिगवणची मासळीची थाळी घ्या. चिलापी ताजी असते.